वचनाचा दुसरा अर्धा

ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल कोयत्यावर मिळते. एकटा पुरुष मुकादमाकडे गेला तर तो अर्धाच कोयता धरला जातो, आणि म्हणून दसरा-दिवाळीच्या आधी आमच्या बीड जिल्ह्यात लग्नांची घाई उडते. कारखान्याच्या गेटवरच उरकलेल्या लग्नांना लोक ‘गेटकेन’ म्हणतात. माजलगावात राहून हा हिशेब ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. सिंदफणेवर धरण आहे, कालवे आहेत, ऊस आहे, कारखाने आहेत. तरी आजूबाजूच्या गावांतून आणि तांड्यांवरून ट्रॅक्टर भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. जाताना ती जोड्यांनी जातात, कारण मोजणीच जोडीची आहे.

मी ख्रिस्ती आहे. आमचं मूळ नगरकडचं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. आमच्यात लग्न लागताना जे वाचलं जातं, त्यातही दोन माणसांचं एक होतं. उत्पत्तीच्या पुस्तकातला तो विचार येशूने सूटपत्राच्या वादात पुन्हा उचलला, आणि मत्तयाच्या १९ व्या अध्यायात तो लिहून ठेवला आहे: नवरा-बायको दोन नाहीत, एक देह आहेत. हे ऐकतच मी वाढलो, हे ऐकतच माझं लग्न झालं. मुकादमाचं एकपण आणि शास्त्राचं एकपण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मी कायम धरून चाललो होतो. पण आता मुलाच्या लग्नाचं बोलणं घरात सुरू झालं आहे, त्याला काय सांगायचं याचा विचार करायला बसलो, आणि तो फरक माझ्या स्वतःच्या संसारात कुठे दिसतो हे शोधू लागलो. तेव्हा मला चटकन उत्तर देता येईना.

म्हणून मी मुळाशी गेलो. पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी लग्नाविषयी, देहाविषयी, शरीरसंबंधाविषयी काय शिकवलं, ते जमेल तितकं वाचलं.

सुरुवात पौलापासून करावी लागते. त्याने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र इफिसाहून लिहिलं, इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास. करिंथ हे बंदराचं, पैशाचं, गुलामांच्या बाजाराचं शहर. तिथे रोमन कायदा होता. ऑगस्टस बादशहाने इसवी सनापूर्वी १८ साली जारकर्माचा कायदा केला, त्यात बायको परपुरुषाकडे गेली तर गुन्हा. नवरा दासीकडे किंवा वेश्येकडे गेला तर कायद्याच्या लेखी काहीच घडलं नाही. मुलीचं लग्नाचं वय बारा. अशा शहरातल्या लोकांना पौल सातव्या अध्यायात सांगतो की बायकोला स्वतःच्या देहावर अधिकार नाही, तो नवऱ्याला आहे. इथवर ऐकून करिंथच्या एकाही पुरुषाला आश्चर्य वाटलं नसेल. हे तर त्याचे आजोबा-पणजोबाही म्हणत आले होते. पण पौल तिथे थांबत नाही. त्याच दमात तो म्हणतो की त्याचप्रमाणे नवऱ्यालाही स्वतःच्या देहावर अधिकार नाही, तो बायकोला आहे. ज्या पुरुषाचा देह कायद्याने, रूढीने, बापजाद्यांच्या वागण्याने सर्वस्वी त्याचा होता, त्याला सांगितलं गेलं की तुझा देह आता तुझ्या बायकोच्या हुकमतीत आहे. पुढे तो म्हणतो की वेगळं राहायचं तर दोघांच्या संमतीने राहा, प्रार्थनेसाठी, ठरावीक काळापुरतं. संमती दोघांची. पहिल्या शतकात.

त्याच्या आधीच्या सहाव्या अध्यायाचा शेवट तर थेट पुरुषांनाच उद्देशून आहे. करिंथमधले काही विश्वासी वेश्येकडे जात होते आणि त्यात काही बिघडत नाही, पोटाला अन्न तसं हे, असं म्हणत होते. पौल त्यांना सांगतो की तुमचा देह पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, मोल देऊन विकत घेतलेला आहे. देह मंदिर आहे, हे मी आयुष्यभर मुलींना ऐकवलेलं ऐकलं आहे: ओढणी नीट घे, संध्याकाळी बाहेर राहू नको, मंदिर आहेस तू. मुळात ते बजावलं गेलं होतं बाहेरख्याली पुरुषांना. हा पत्ता कधी आणि कसा बदलला, याचा आम्ही कधी विचार केला नाही.

आणि मला इथेच स्वतःला धरायचं आहे. मी शाळेत शिकवलं, मंडळीतही बोललो. नव्या जोडप्यांना चार शब्द सांगा म्हणून मला उभं केलं जायचं. मी इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय काढायचो, बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं तो. नवऱ्यांनी बायकोवर ख्रिस्तासारखं, जीव ओवाळून टाकून प्रेम करावं हेही वाचायचो. पण वाचताना आवाजाचा भार कुठे पडायचा ते मला आठवतं. नवरीकडे बघून बोललेलं वाक्य आदेश असायचं, नवरदेवाकडे बघून बोललेलं वाक्य शुभेच्छा. करिंथकरांचा सातवा अध्याय तर मी लग्नात कधीच काढला नाही. चारचौघांत, आजी-आजोबांच्या समोर देहाचं कुठे बोलायचं, म्हणून. लाज खरीच वाटत होती. पण त्या लाजेने सोय कुणाची केली, हे मला आता विचारलं पाहिजे. देहाविषयी उघड बोललं गेलं नाही की नवऱ्याला कळलेलं सगळं मित्रांकडून कळतं, आता मोबाइलवरून कळतं. आणि बायकोला एवढंच कळतं की नाही म्हणायचं नसतं. पौलाच्या वचनाचा पहिला अर्धा न वाचताही घराघरात पाळला जातो. वाचून दाखवायची गरज होती ती दुसऱ्या अर्ध्याची.

पौलाची आणखी एक गोष्ट मला या वयात फार मोठी वाटू लागली आहे. त्याच अध्यायात तो सल्ला देताना मधेच सांगतो की हे प्रभूचं आहे, माझं नव्हे. आणि पुढे, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. अविवाहित राहणं बरं, हे त्याचं मत. ते मत म्हणूनच तो देतो. ज्याच्या शब्दावर मंडळ्या उभ्या राहत होत्या, तो माणूस स्वतःचं मत आणि देवाची आज्ञा यांच्यात रेघ ओढत होता. मी ती रेघ ओढली नाही. माझ्या आईने सून कशी असावी म्हणून जे मनात धरलं होतं, ते मी शास्त्राच्या आवाजात सांगत राहिलो.

पौलानंतरची शतकं वाचताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. काही ठिकाणी ऊर भरून येतो. इसवी सन ३८० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रेगरी नाझियान्झस याने भर उपदेशात विचारलं की व्यभिचाराबद्दल बाईला शिक्षा आणि पुरुषाला मोकळीक, असा कायदा का? आणि उत्तरही त्यानेच दिलं: कायदे पुरुषांनी केले म्हणून. हा कायदा आपण मानत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. त्याच्याच काळातला योहान ख्रिसोस्तोम नवऱ्यांना बजावत होता की बायकोवर हात उगारणं ही अधर्माची परिसीमा आहे. आणि दासीकडे जाणारा नवराही जारकर्मीच, बादशहाचा कायदा काहीही म्हणो. पैसा पाहून बायको करू नका, असंही तो सांगत असे. ही माणसं आजच्या अर्थाने समतावादी नव्हती. नवरा मस्तक, हे ख्रिसोस्तोमही मानतच होता. पण नवऱ्यावर त्यांनी जो बोजा ठेवला तो खरा होता, आणि त्यांच्या काळाच्या विरोधात जाऊन ठेवलेला होता.

आता याच्या शेजारी आमचं ठेवून पाहतो. ग्रेगरीनंतर जवळजवळ पंधराशे वर्षांनी, १८६९ साली, हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही दाखवावं लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीपर्यंत राहिला. तोवर मी कर्ता माणूस झालो होतो. या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या ख्रिस्ती बायका होत्या, वकील होते. मी त्यांत नव्हतो. १८७२ च्या विवाह कायद्यात देशी ख्रिस्ती मुलीच्या लग्नासाठी तेरा वर्षं पूर्ण असली की भागत होतं. अठराची अट १९७८ साली आली. बालविवाह हा ‘त्यांचा’ प्रश्न, आपला नाही, असं मी पुष्कळदा बोलून गेलो आहे, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो.

दुसऱ्या बाजूला मन खचवणारंही पुष्कळ आहे. देहालाच विटलेली माणसं त्या काळात होती. लग्न म्हणजेच पाप असं म्हणणारे पंथ होते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्यांच्याविरुद्ध लग्नाची बाजू लढवली, आणि चौथ्या शतकात गंग्रा इथल्या धर्मसभेने लग्नाला तुच्छ लेखणाऱ्यांचा निषेध केला. म्हणजे मंडळीने तोल सोडला नाही. पण जेरोमसारखा विद्वान, ज्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं, तो कौमार्याची थोरवी सांगण्याच्या भरात ३९३ च्या सुमारास लग्नाविषयी असं लिहून गेला की त्याच्या मित्रांनाही ते जड गेलं. तर्तुल्यनने आपल्या बायकोला उद्देशून लिहिताना एकत्र प्रार्थना करणाऱ्या, सुखदुःख वाटून घेणाऱ्या जोडप्याचं फार सुंदर वर्णन केलं. पण त्याच लिखाणात आपल्या मागे तू दुसरं लग्न करू नको, असं तिला सुचवलं, आणि पुढे तर तो पुनर्विवाहाला जारकर्माच्या पंक्तीत बसवू लागला. आमच्या बाबा पदमनजींनी त्याच धर्मात येऊन १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं आणि विधवेच्या पुनर्विवाहाची बाजू घेतली. पदमनजी मला तर्तुल्यनपेक्षा पौलाच्या जवळचे वाटतात. तरुण विधवांनी लग्न करावं असं तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहेच.

पण ज्याने माझी झोप घालवली तो ऑगस्टीन.

‘कन्फेशन्स’ हे त्याचं आत्मकथन ३९७ ते ४०० या सुमाराचं. त्यात तो सांगतो की तरुणपणापासून एका स्त्रीबरोबर तो राहत होता. लग्न नव्हतं; त्या काळच्या रीतीत बसणारा संबंध होता. तिच्यापासून अदेओदातुस हा मुलगा झाला. चौदा-पंधरा वर्षं ते एकत्र होते. मग मिलानमध्ये त्याचं नाव झालं, मोठी नोकरी, मोठे लोक. आई मोनिकाने त्याच्यासाठी तोलामोलाचं स्थळ पाहिलं. मुलगी लग्नाच्या वयाला जवळजवळ दोन वर्षं कमी. कायद्याने वय बारा; म्हणजे ती दहाची. हे लग्न जमावं म्हणून ३८५ साली त्या जुन्या सोबतिणीला आफ्रिकेत परत पाठवलं. जाताना तिने दुसरा पुरुष जवळ न करण्याचं देवापुढे ठरवलं, आणि मुलगा बापापाशी ठेवला. ऑगस्टीन तिच्यावाचून तळमळला, हे तो लिहितो; आणि दहा वर्षांची नवरी मोठी होईपर्यंत थांबवेना म्हणून दुसरी बाई आणली, हेही लिहितो. नंतर ३८६ साली त्याचं मन पालटलं, लग्नाचा विचारच त्याने सोडला, पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्या स्त्रीचं नाव त्याने कुठेही दिलेलं नाही. त्या मुलीचंही नाही.

ही हकिकत वाचताना मी कुठल्या गावात बसलो आहे याचा विसर पडणं शक्यच नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. मी वर्गात शिकवलेल्या मुली त्यात आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लागायचं, मग महिनाभराने कळायचं की लग्न झालं, तोडीला गेली. त्यातल्या काही लग्नांना मी गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो. कुणाचं वय काय, ते मला पक्कं माहीत होतं. जन्मतारखा माझ्याच हस्ताक्षरात रजिस्टरवर होत्या. गरिबाचं घर, मुलगी मोठी होतेय, मागे कोणाकडे ठेवणार, असं मी मनाला समजावलं. ती कारणं खोटी नव्हती. आई-बाप सहा महिने फडावर असताना तेरा-चौदा वर्षांची पोर झोपडीत एकटी ठेवण्याची भीती खरी आहे, आणि ज्यांनी ती भीती अनुभवली नाही त्यांनी त्या आई-बापांना नावं ठेवू नयेत. पण मी काही तो बाप नव्हतो. मी मास्तर होतो, २००६ चा कायदा मला माहीत होता, आणि मी पंगतीत बसलो होतो.

ऑगस्टीनने ४०१ च्या सुमारास लग्नाच्या चांगुलपणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. संतती, निष्ठा आणि न तुटणारं बंधन, ही लग्नातली तीन बरी देणी त्याने सांगितली. पश्चिमेच्या मंडळीने पुढे ती शतकानुशतकं घोकली. पण मी थबकलो तो वेगळ्याच ठिकाणी. तो एका पुरुषाची गोष्ट काढतो, नाव न घेता: जो एका बाईबरोबर राहतो, पण मनात असतं की प्रतिष्ठेचं, पैशाचं स्थळ मिळालं की हिला सोडायचं. असा माणूस मनाने व्यभिचारी आहे, असं ऑगस्टीन म्हणतो. आणि तो व्यभिचार पुढे हव्या असलेल्या बायकोशी नाही, तर जिच्याबरोबर तो लग्नाविना राहतो आहे तिच्याशीच घडतो. ती बाई मात्र त्याच्याशी एकनिष्ठ राहिली आणि तो गेल्यावरही तिने दुसरा धरला नाही, तर तिला व्यभिचारिणी म्हणायला आपली जीभ सहज वळणार नाही, असंही लिहितो. तेव्हा तो बिशप होता. आपलीच फिर्याद त्याने आपल्यावर दाखल केली, असं मी समजतो. तिचं नाव तेव्हाही घेतलं नाही. ते मला खुपतं. पण तो स्वतःला कुठल्या कलमाखाली बसवतो आहे, ते त्याने धूसर ठेवलेलं नाही. मला निदान तेवढं तरी जमलं पाहिजे.

मराठीत असं एक जोडपं आहे ज्यांच्या संसारात हा सगळा प्रश्न रक्तामांसाचा होऊन आला. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोची संमती घेतली नाही. तिला ते समजलं तेव्हा घडून गेलेलं होतं. त्यानंतरची काही वर्षं ती नातेवाइकांच्या आधाराने वेगळी राहिली. मुलाला घेऊन ती त्यांच्याकडे आली तेव्हाही आपला धर्म, आपलं सोवळं सांभाळून राहिली. आणि १९०० साली, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला तिने बाप्तिस्मा घेतला. तिचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघालं, ते मराठी घराघरांत पोचलं आहे. मी काही नवीन सांगत नाही.

पण ते पुस्तक करिंथकरांच्या सातव्या अध्यायाशेजारी ठेवून मी यंदा प्रथमच वाचलं. पौलापुढे नेमका हाच प्रश्न आला होता: नवरा विश्वासी झाला, बायको झाली नाही, पुढे काय? आणि त्याने सांगितलं की ती राहायला राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. हीच ती जागा, जिथे तो म्हणतो की हे मी सांगतो, प्रभू नव्हे. टिळकांनी तिला सोडलं नाही, दुसरं लग्न केलं नाही. १८६६ चा कायदा होता. जोडीदार धर्मांतरामुळे सोडून गेला तर धर्मांतर केलेल्याला लग्न मोडून घेता येत होतं. ती वाट त्यांनी धरली नाही. इतकी वर्षं मी टिळकांच्या थांबण्याचं कौतुक करत आलो. ते थांबले हे खरंच; त्यांच्यावर माझं प्रेम आहे, त्यांची गीतं गातच आमची उपासना होते. पण थांबणं कुणाला जड पडलं? ज्याने न विचारता पाऊल टाकलं त्याला, की जिच्या पायाखालची जमीन गेली तिला? पौलाने दोघांची संमती मागितली होती ती काही दिवस वेगळं झोपायला. इथे तर सगळं आयुष्यच वेगळीकडे वळत होतं. मनाचा कौल मिळाल्यावर टिळकांनी बायकोसाठी थांबून राहावं, असं मी म्हणू शकत नाही. विवेकाची हाक खरी असेल तर थांबता येत नाही. तरीही तिला सांगून जाता आलं असतं. हे मी टिळकांना विचारतो आहे असं वाटेल, पण विचारतो आहे स्वतःला. बदली घेतली तेव्हा, जमीन विकली तेव्हा, मुलाला होस्टेलवर ठेवलं तेव्हा, मी घरी येऊन जे बोललो ते विचारणं होतं की कळवणं? कळवणंच होतं. आणि माझ्यावर तर देवाची हाकही आलेली नव्हती.

देहाचंही तसंच. आमच्यात मारहाण नव्हती, बाहेरचं काही नव्हतं. एवढ्यावर मी स्वतःला निर्दोष समजत आलो. पण बायको थकलेली आहे, पाळी आहे, मन नाही, हे मी किती वेळा ओळखलं आणि किती वेळा न ओळखल्यासारखं केलं, याचा जबाब मला द्यावा लागेल. बायको सज्ञान असेल तर लग्नातली बळजबरी आपल्या देशाच्या कायद्यात अजूनही बलात्कार धरली जात नाही. कायदा सोडून देतो म्हणून वचन सोडून देत नाही. ग्रेगरी हेच तर म्हणाला होता. माझा देह तिचा आहे, याचा अर्थ माझी इच्छा माझ्या एकट्याच्या मर्जीने चालणार नाही, असा होतो. दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

हिशेब घरापुरता ठेवता येत नाही, कारण आमच्या जिल्ह्यात बाईच्या देहावर किती जणांचा हक्क चालतो ते डोळ्यांपुढे आहे. एक दिवस काम बुडालं की खाडा, खाड्याला दंड. पाळीचा खाडा, बाळंतपणाचा खाडा. २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक जणींत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, त्यांतल्या कितीतरी जणी अजून तरुण होत्या. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे आमच्या जिल्ह्यात मुली ८०७ होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. रोमन जगात नको असलेलं मूल, बहुधा मुलगी, उघड्यावर टाकून देत. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची बाहेरच्यांच्या नजरेत भरणारी एक ओळख हीच होती की ते तसं करत नाहीत. ‘दिदाखे’ या फार जुन्या शिकवणीच्या पुस्तकात गर्भ पाडणं आणि जन्मलेलं मूल मारणं, दोन्हींना मनाई आहे. त्यांनी ते नुसतं बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. आम्हाला या जिल्ह्यात राहून आमची अशी कोणती ओळख देता येते? आम्ही मद्य घेत नाही, रविवार पाळतो. ठीक आहे. पण ८०७ च्या काळात आमच्यातल्याही बायकांना दुसऱ्या मुलीनंतर सासरी काय ऐकावं लागलं, ते मला ठाऊक आहे. ते बोलणारे लोक परके नव्हते.

पुरुषोत्तमपुरी आमच्याच तालुक्यात, गोदाकाठी. अधिक महिन्यात तिथे गर्दी लोटते आणि घरोघर जावयांना धोंड्याचं जेवण होतं, जावई विष्णूच्या जागी. आम्ही अधिक महिना पाळत नाही. जावयाचा मान मात्र आम्ही पुरेपूर पाळतो. आम्ही हुंडा घेत नाही. ‘तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ म्हणतो. हे वाक्य माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी म्हटलं, आणि आता मुलाच्या बैठकीत माझ्या तोंडाशी ते आयतंच येऊन बसलं आहे. ते मी म्हणणार नाही. मुलीकडच्यांना स्पष्ट सांगणार आहे की काही नको, आणि मुलीचा जन्मदाखला बघायला मागणार आहे. त्यांना राग आला तरी. मुलाला आधी एकट्याला बसवून सातवा अध्याय वाचून दाखवणार आहे, दोन्ही अर्धे. तो अवघडेल, मीही अवघडेन.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, पुरुषाला त्याचा अर्धा सांगणार, चांगलंच आहे. पण त्याने नाही ऐकलं तर त्या मुलीने सांगायचं कुणाला? पाळक पुरुष, पंच पुरुष, तुम्ही पुरुष. मला उत्तर सुचलं नाही. पुढे वाचताना लक्षात आलं की पौलाच्या काळी असं कोणीतरी होतं. करिंथच्याच बंदरावर, किंख्रियात, फीबी नावाची स्त्री मंडळीची सेविका होती. रोमकरांच्या पत्रात पौल तिची शिफारस करतो आणि तिला लागेल ती मदत करा असं सांगतो. मंडळीत विधवांची यादीही असे. आमच्यात असं कोणी नेमलेलं नाही. पुढच्या बैठकीत हा विषय काढतो, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही काढा, पण बोलेन मी. आणि बैठकीला पाच-सहा जणी माझ्याबरोबर येतील, त्यांच्या खुर्च्या मागच्या ओळीत नको.